घेतलं, पण परत काय दिलं?

आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 3, श्लोक 12



कर्मयोगाच्या अध्यायात आज आपण बाराव्या श्लोकापाशी आलो. आधीच्या दोन श्लोकांत भगवंतांनी यज्ञाची कल्पना सांगितली. प्रजापतीने माणसं आणि यज्ञ एकत्रच निर्माण केले. तुम्ही देवांना पुष्ट करा, देव तुम्हाला पुष्ट करतील, आणि असं एकमेकांना धरून राहिलात तर दोघांचंही भलं होईल. किती छान, गोड व्यवस्था आहे!

बाराव्या श्लोकात मात्र आवाज एकदम बदलतो. देव तुम्हाला हवं ते देतीलच, असं सांगून भगवंत म्हणतात की त्यांनी दिलेलं त्यांना काहीच परत न करता जो नुसता भोगत बसतो, तो... आणि इथे ते 'अज्ञानी' म्हणत नाहीत, 'बिचारा' म्हणत नाहीत. 'स्तेन' म्हणतात. सरळ मराठीत, चोर.

मी हा श्लोक पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा इथेच अडले होते. चोरी म्हणजे दुसऱ्याचं त्याला न विचारता उचलणं, एवढंच आपल्याला माहीत असतं. इथे तर देवांनी स्वतःहून दिलंय. कुणी कुलूप तोडलेलं नाही, भिंत फोडलेली नाही. मग चोरी झाली कुठे?

या श्लोकाचं म्हणणं असं आहे की चोरी घेण्यात नाही, ती परत न देण्यात आहे. घेणं तर प्रत्येकाला भागच आहे. हवा, पाणी, अन्न, भाषा, गाणी, सण, सगळं आपण कुणाकडून तरी घेतलेलंच असतं. पण घेतल्यानंतर ती देवाणघेवाण आपल्यापाशी येऊन थांबली, की चोरी झाली.

विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली. त्यात सतराव्या अध्यायावर बोलताना यज्ञ आणि दान यांचा त्यांनी लावलेला अर्थ मला फार जवळचा वाटतो. आपण सृष्टी वापरतो तेव्हा तिची झीज होते, ती झीज भरून काढणं म्हणजे यज्ञ. आपण समाजाकडून अपरंपार घेतो, त्याचं ऋण फेडणं म्हणजे दान. म्हणजे दान हा उपकार नव्हेच, ती उधारीची परतफेड आहे. आजचा विषय समजायला एवढं पुरे.

एक प्रश्न

आमच्या गीता वर्गात एक मुलगी येते. लग्न ठरलंय, पत्रिकेची तयारी चालू आहे. तिने वर्ग संपल्यावर विचारलं, "ताई, मला पत्रिकेवर वारली चित्र छापायचंय. मैत्रीण म्हणाली की हे कल्चरल अ‍ॅप्रोप्रिएशन आहे, छापू नकोस. घरचे म्हणतात, काय खूळ आहे, आपल्याच महाराष्ट्रातलं तर आहे. मी काय करू?"

मला तिचं कौतुक वाटलं. एक तर तिने विचारलं. दुसरं म्हणजे तिचा प्रश्न खरा आहे. दुसऱ्याच्या परंपरेतली सुंदर गोष्ट आपल्याला आवडली, तर ती आपलीशी करणं हा तिचा गौरव आहे की ती बळकावणं आहे? अ‍ॅप्रिसिएशन कुठे संपतं आणि अ‍ॅप्रोप्रिएशन कुठे सुरू होतं? हे शब्द गीतेत नाहीत. पण बाराव्या श्लोकात याचं माप आहे, असं मला वाटतं.

मिलानमधली चप्पल

आधी आपल्या सगळ्यांना आठवणारं उदाहरण घेऊ. जून 2025 मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीचा फॅशन शो झाला. मॉडेलच्या पायात हुबेहूब कोल्हापुरी चप्पल होती. वर्णनात नुसतं 'लेदर सँडल', कोल्हापूरचं नाव नाही, भारताचं नाव नाही. आपण सगळे खवळलो. स्टोऱ्या टाकल्या, मीम्स फिरवले. महाराष्ट्र चेंबरने कंपनीला पत्र लिहिलं, तेव्हा ही प्रेरणा भारतीय चपलेवरून घेतली हे कंपनीने मान्य केलं. पुढे त्यांची माणसं कोल्हापुरात आली आणि इथल्या कारागिरांबरोबर काम करण्याची बोलणी सुरू झाली.

आपला राग योग्यच होता. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. हिरडा आणि बाभळीची साल वापरून कातडं कमवायचं, कापायचं, वेणी घालायची, वादीने शिवायचं, या सगळ्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा हात आहे. तो हात कापून फक्त चप्पल उचलली, तर राग यायलाच हवा.

पण त्या दिवसांत मला एक शब्द सारखा टोचत होता. आपण सगळे म्हणत होतो, "आमची कोल्हापुरी." आमची म्हणजे नक्की कोणाची?

ती चप्पल चर्मकार समाजाने घडवली. कातडं कमावणाऱ्याच्या हाताला वास येतो म्हणून त्याला लांब बसवणारे, त्याच्या हातचं पाणी न पिणारे, देवळाच्या पायरीशी त्याला अडवणारे मिलानचे लोक नव्हते. ते आपल्याच गावातले होते. चप्पल घरात आली, ती करणारा उंबऱ्याबाहेर राहिला. मिलानने नाव पुसलं ते एका शोपुरतं. आपण माणूस पुसला तो शेकडो वर्षं.

हे मी कुणाला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाही. आज वाचणाऱ्या कुणी हे केलेलं नाही. पण श्लोक जर खरोखर आपल्याला लागू करायचा असेल, तर तो सातासमुद्रापारच्या कंपनीला लावून थांबता येत नाही. गीता आरसा आहे, दुर्बीण नव्हे.

चोखोबा आणि वेठ

आता आपल्या देवघरात येऊ. वारकरी संप्रदायावर आपलं प्रेम आहे, आषाढीला आपल्या प्लेलिस्टमध्ये चोखोबांचे अभंग असतात. सोयराबाईंचेही असतात. ऐकताना डोळ्यांत पाणी येतं.

चोखोबा कसे गेले, हे किती जणांना माहीत आहे? परंपरा सांगते की 1338 साली मंगळवेढ्यात गावकुसाच्या भिंतीचं काम चालू होतं आणि भिंत कोसळून चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. ते काम मजुरीचं नव्हतं, वेठीचं होतं. वेठ म्हणजे हुकूम आला की जायचं, राबायचं आणि हात हलवत परत यायचं. नामदेव महाराज त्यांच्या अस्थी शोधायला गेले आणि त्या पंढरपूरला घेऊन आले. समाधी कुठे बांधली? महाद्वारासमोर. आत नाही, दारात. जिवंतपणी ज्या उंबऱ्याच्या आत जाता आलं नाही, त्याच्या बाहेर.

आणि त्यानंतर सहाशे वर्षं आपण काय केलं? आत उभं राहून चोखोबांचे शब्द गायले आणि चोखोबांच्या माणसांना बाहेर ठेवलं. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं, दहा दिवस, तेव्हा ते दार उघडण्याचा निर्णय झाला. विचार करा, शब्द आत यायला काही अडचण नव्हती. अडचण फक्त ते शब्द ज्यांचे होते त्यांची होती.

मला वाटतं आपल्याला हवा असलेला मराठी शब्द इथेच सापडतो. अ‍ॅप्रोप्रिएशनला आपण जड जड प्रतिशब्द शोधतो, पण वेठ हा शब्द आपल्याकडे आहेच. माणसाचा घाम घ्यायचा आणि मोबदला द्यायचा नाही, ही अंगमेहनतीची वेठ. त्याचं गाणं, चित्र, देव, पोशाख घ्यायचा आणि त्याला मात्र बाहेर ठेवायचं, ही संस्कृतीची वेठ. तिसऱ्या अध्यायाचा शब्द वापरायचा तर दोन्हींत घेणारा स्तेनच.

उलट उदाहरणही नामदेवांचंच आहे, आणि ते ऐकून मन भरून येतं. नामदेव महाराज पंजाबात गेले. 1604 मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला तेव्हा त्यात नामदेवांची पदं घेतली. आज गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. त्यात रविदासांचीही पदं आहेत, ज्यांना आपण रोहिदास म्हणतो. एक जातीने शिंपी, दुसरे चर्मकार. त्यांचे विचार 'प्रेरणा' म्हणून उचलून स्वतःच्या नावावर खपवले नाहीत. नाव तसंच ठेवलं. आणि ते शब्द अशा ग्रंथात ठेवले, ज्याच्यापुढे सगळा समाज रोज माथा टेकतो. पंजाबने मराठी संताचं घेतलं, पण चोरलं असं कुणी म्हणू शकेल का? पंजाबातल्या घुमान गावी नामदेवांच्या नावाने गुरुद्वारा आहे आणि 2015 साली आपलं मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं. इतक्या शतकांनंतरही ते नातं वाहतं आहे. गौरव तो हाच.

चौकातली देवी

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. वारली चित्र म्हणजे आपल्याला काय आठवतं? कुर्ती, मग, उशीचा अभ्रा, कॅफेची भिंत, सोसायटीच्या गेटवरची नक्षी. दोन त्रिकोण जोडले की माणूस तयार. नेटवरून फाइल उतरवली की काम झालं.

हे चित्र मुळात कुठलं? पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार या भागातल्या वारली लोकांच्या झोपडीतलं. आणि मुळात ते कशासाठी? लग्नासाठी! कुडाची भिंत शेणाने, गेरूने सारवायची. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं आणि त्याने सवाशिणींनी भिंतीवर चौक लिहायचा. चौकाच्या मध्ये पालघट देवी. ती सृजनाची, धान्याची, लेकराबाळांची देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाण्यांतून विधी चालवते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे आपण ज्याला 'डिझाइन' म्हणतो, ते त्या घरात देवीचं आवाहन आहे.

आणि या लग्नाची दुसरी एक गोष्ट आहे, ती मगावर छापली जात नाही. स्वातंत्र्याच्या आधी याच भागात वारली तरुणाला लग्न करायचं तर पैसे नसायचे. तो जमीनदाराकडून कर्ज घ्यायचा आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायको दोघं त्याच्याकडे राबायचे. वर्षानुवर्षं, पुष्कळदा जन्मभर. अशा माणसाला नावच होतं, लग्नगडी. पालघटेसमोर लग्न लागायचं आणि त्याच लग्नापायी माणूस विकला जायचा. 1945 मध्ये वारल्यांनी या वेठीविरुद्ध मोठा लढा दिला. गोदावरी परुळेकर त्यात त्यांच्याबरोबर होत्या आणि पुढे त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं. मिळवा आणि वाचाच.

चोखोबांची वेठ आणि लग्नगड्याची वेठ, मध्ये सहाशे वर्षं. आणि आज तेच चित्र, त्याच लोकांना एक रुपया न देता, आपल्या लग्नपत्रिकेवर यावं? हे नीट समोर आलं की मैत्रिणीचं म्हणणं खूळ वाटत नाही.

पण थांबा. याचा अर्थ छापूच नये असा होतो का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारणही त्याच मातीत आहे. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार डहाणूकडे गेले आणि त्यांनी तिथल्या लोकांना भिंतीऐवजी कागदावर चित्रं काढायला दिली. गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. बायकांची मानली जाणारी ही कला त्यांनी हातात घेतली, लग्नविधीच्या बाहेर नेली, देशोदेशी पोचवली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 साली ते गेले. त्यांच्यानंतर वारली पाड्यांतल्या कितीतरी घरांची चूल या चित्रांवर पेटते. 2014 मध्ये वारली चित्रकलेलाही भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे वारली लोक स्वतःच आपली कला आपल्या अंगणात मांडून म्हणताहेत, या, बघा, घ्या. आपण जर 'अ‍ॅप्रोप्रिएशन नको बाई' म्हणून हात मागे घेतला, तर आपलं मन स्वच्छ राहील पण त्यांची चूल विझेल. न घेणं हा पुण्याचा सोपा मार्ग नाही. भगवंतांनी अर्जुनालाही कर्म सोडून पळू दिलं नाही.

चार प्रश्न

मग करायचं काय? त्या मुलीला मी चार प्रश्न दिले, तेच तुम्हालाही देते. दुसऱ्याच्या परंपरेतलं काहीही घेताना स्वतःला विचारायचे.

पहिला, नाव. ज्याचं आहे त्याचं नाव मी घेते का? पत्रिकेवर निमंत्रकांची नावं असतात, प्रेषक असतात, अगदी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' सुद्धा असतं. मग खाली एक ओळ चित्रकाराच्या नावाची, गावासकट, का नसावी?

दुसरा, मान. सतराव्या अध्यायात भगवंत दानाचे प्रकार सांगतात. आदर न ठेवता, तुच्छतेने दिलेल्या दानाला ते तामस म्हणतात. दिलं तरीही! म्हणजे पैसे देऊन हिशेब मिटत नाही. "एवढ्याशा चित्राचे एवढे?" असं म्हणत घासाघीस करून घेतलेलं चित्र आपण विकत घेतलेलं असतं, पण त्याचा गौरव केलेला नसतो.

तिसरा, वाटा. माझ्या घेण्यातून मूळ घरी काही जातं का? कारखान्यात छापलेली 'वारली प्रिंट' कुर्ती आणि पाड्यावरच्या चित्रकाराकडून काढून घेतलेलं चित्र, दिसायला सारखंच असेल. यज्ञाच्या हिशेबात दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चौथा, मर्यादा. काही गोष्टी मागायच्याच नसतात. शेताची, जंगलाची, नाचाची चित्रं वारली कलाकार आनंदाने काढून देतात. पण चौकातली देवी पायपुसण्यावर किंवा कागदी प्लेटवर यावी का? आपल्या विठोबाचं चित्र असलेली पत्रिका रद्दीत दिसली तर आपला जीव कळवळतो ना? मग ज्याचा देव आहे त्यालाच विचारावं, की हे चालेल का. आणि तो नाही म्हणाला, तर नाही.

याच चौथ्या प्रश्नात एक बारीक गोष्ट आहे, खास आपल्यासारख्या भाविकांसाठी. आपल्याला लगेच म्हणावंसं वाटतं, "पालघट म्हणजे आपली अन्नपूर्णाच की!" हेतू प्रेमाचाच असतो. पण असं म्हणून आपण तिचं नाव, तिची गाणी, तिची धवलेरी सगळं आपल्या झोळीत टाकून मोकळे होतो. सातव्या अध्यायाच्या एकविसाव्या श्लोकात भगवंत काय म्हणतात बघा. जो भक्त ज्या रूपाची श्रद्धेने पूजा करू इच्छितो, त्याची श्रद्धा मी त्याच रूपाच्या ठायी स्थिर करतो. सगळी रूपं ज्याची आहेत, तो स्वतः कुणाचं रूप हिसकावून घेत नाही. तो म्हणत नाही, ते सोड, हे नाव लाव. मग आपण कोण?

'संस्कृती कुणाच्या बापाची नाही'

हा आक्षेप मी हमखास ऐकते. आणि तो अर्धा खराच आहे. आपल्या कीर्तनातली पेटी युरोपातून आली. साबुदाण्याची खिचडी आपण उपासाला खातो, पण त्यातला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा आणि मिरची, तिन्ही अमेरिका खंडांकडून आली. संस्कृती मिसळतच वाढते. प्रत्येक घेण्यावर संशय घेऊ लागलो तर जगणं मुश्कील होईल, आणि एकमेकांच्या अंगणात जाणंच बंद होईल.

म्हणून तर गीतेचं माप मला मोलाचं वाटतं. ती 'हे कुणाच्या मालकीचं?' या वादात अडकत नाही. ती विचारते, 'तू घेतल्यावर पुढे काय झालं?' आणि घेणाऱ्याची ताकद जितकी मोठी, तितका हा प्रश्न जड होतो. वारली तरुण शहरात येऊन जीन्स घालतो तेव्हा जीन्सवाल्यांचं काही बिघडत नाही. पण शहरातला कारखाना त्याचं चित्र यंत्रावर छापतो, तेव्हा त्याच्या आईच्या हातातली बांबूची काडी बिनकामाची होते. दोन्हीकडे 'घेणं'च आहे, पण झीज एकीकडेच होते. आणि झीज होते तिथे ती भरून काढणं हाच यज्ञ, विनोबांनी सांगितलेला.

याच अध्यायाचा सोळावा श्लोक म्हणतो की हे असं चालत आलेलं चक्र जो पुढे फिरवत नाही, त्याचं जगणं व्यर्थ. मला या श्लोकाशी वारली चित्रातला तारपा नाच आठवतो. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती हातात हात गुंफलेल्या माणसांचं वळत जाणारं वेटोळं. एकाने हात सोडला तर वेटोळं तुटतं. आपण ते चित्र घेतो आणि त्यातला हात मात्र सोडतो, असं व्हायला नको.

ती मुलगी पुढच्या आठवड्यात आली तेव्हा म्हणाली, "ताई, एका वारली चित्रकार दादांशी बोलले. त्यांनीच सांगितलं, देवीचा चौक नको, मी तुम्हाला वरातीचं आणि तारपा नाचाचं काढून देतो. पैसे सांगितले तेवढे दिले. नाव छापतेय." मी म्हटलं, "अगं छान! आता एकच राहिलं. त्यांना बायको-मुलांसकट लग्नाला बोलाव, आणि पंगतीत घरच्यांबरोबर बसव." ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "हो, हे डोक्यातच आलं नव्हतं."

मला वाटतं शेवटची परीक्षा पंगतीचीच आहे. आपण ज्यांचं घेतलं, ती माणसं आपल्या पंगतीत आहेत का?

आजचा संकल्प

आज घरात एकदा नजर फिरवा. कपाटात, भिंतीवर, फोनमधल्या प्लेलिस्टमध्ये. दुसऱ्या कुणाच्या परंपरेतून आलेली एक गोष्ट निवडा. पैठणी असेल, वारली चित्र असेल, एखादी लावणी असेल, चोखोबांचा अभंग असेल. ती कुणी घडवली, ते लोक आज कुठे आहेत, कसे जगतात, हे दहा मिनिटं वाचा. मग एक गोष्ट परत करा. नाव घ्या, किंवा थेट त्यांच्याकडून खरेदी करा, किंवा त्यांच्या एखाद्या अडचणीत त्यांच्या बाजूने उभे राहा. एकच, पण आजच.

आणि आज हरिपाठ म्हणून झाल्यावर एवढं मागू या:

हे पांडुरंगा, जे जे सुंदर माझ्या वाट्याला आलं, ते कुणाच्या तरी हातून आलं. ते हात मला दिसू देत. घेताना माझी मान झुकू दे, देताना माझा हात आखडू नये. तुझ्या दारात ज्यांना थांबवलं गेलं, त्यांच्याशिवाय मला आत बरं वाटू नये.

उद्या तेरावा श्लोक. फक्त स्वतःसाठी शिजवणारा काय खातो, ते बघू. आजचा पचला असेल तर तो सोपा जाईल.

राम कृष्ण हरी!